उसना हातगुण

एका जंगलात सगळ्यांना गुणांचे फार वेड होते.

परीक्षेतल्या गुणांचे नव्हे, मुलांनो. ते वेड आपल्या गावात असते. जंगलातल्या गुणांसाठी पेपर लिहावा लागत नसे. ते असत तरी किंवा नसत तरी. एखाद्या झऱ्याच्या पाण्याला गुण असे. एखाद्या दगडाला असे. पण सगळ्यांत जास्त चर्चा होई ती दोनच गुणांची. एक पायगुण आणि दुसरा हातगुण.

पायगुण समजायला सोपा आहे. कळपात नवी सून आली आणि त्या वर्षी बोरे भरपूर लागली, तर सुनेचा पायगुण चांगला. बोरे किडली, तर सुनेचा पायगुण वाईट. बोरीच्या झाडाला याबद्दल कोणी काही विचारत नसे. त्यात चितळांच्या सुनेला पाय चार. म्हणजे जबाबदारीही दुप्पट.

हातगुण मात्र दुर्मीळ होता. कारण जंगलात हातच दुर्मीळ होते. खूर होते, पंजे होते, पंख होते. हात म्हणावेत असे हात फक्त वानरांना होते. त्यांतही गुण होता तो एकाच वानराच्या हाताला. ते वानर म्हणजे उंबरावरचे डॉक्टर हुपरीकर.

डॉक्टर काय देतात, याकडे कोणी बघत नसे. डॉक्टर देतात, एवढे पुरे होते. एका अस्वलाचा जुना खोकला कशानेच जात नव्हता. एकदा ते दवाखान्यात छत्री विसरले. डॉक्टरांनी ती परत दिली आणि खोकला थांबला. तेव्हापासून अस्वल भर पावसातही ती छत्री उघडत नसे. औषध भिजेल म्हणून.

"अहो, खोकला थांबायचाच होता," डॉक्टर म्हणत.

"किती साधे आहेत," जनावरे म्हणत.

हे ऐकायला डॉक्टरांना आवडत नव्हते, असे म्हणता येणार नाही.

त्याच जंगलात ठिपकी नावाची एक चितळीण राहत होती. तिला नुकतेच पहिले पिल्लू झाले होते. त्याच्या अंगावरचे ठिपके पाहून सगळ्यांनी त्याचे नाव बुंदी ठेवले. घरात ठिपकीची सासू होती. सगळा कळप तिला राहीआत्या म्हणे आणि ठिपकी आत्याबाई म्हणे. राहीआत्या प्रेमळ होती. फक्त तिचे प्रेम फार अनुभवी होते.

पावसाळ्यात एक दिवस बुंदी गव्यांच्या डबक्यातले पाणी प्यायली. संध्याकाळी तिला जुलाब सुरू झाले.

"दात येत असतील," राहीआत्या म्हणाली.

"दात आलेत की, आत्याबाई."

"मग आणखी येत असतील."

सकाळपर्यंत बुंदीची उडी गेली. चितळाचे पिल्लू कारण नसताना उडी मारते. ती उडी गेली की काहीतरी बिघडले आहे, हे प्रत्येक चितळाला कळते. बुंदी मान टाकून बसून राहिली. तिची जीभ कोरडी पडली होती आणि डोळे आत गेले होते.

राहीआत्याने ठिपकीच्या पायांकडे पाहिले. एकेक करून चारही पायांकडे पाहिले. बोलली काहीच नाही. तरी ते सगळ्या कळपाला ऐकू गेले.

बुंदीचे वडील तेव्हा झाडाला शिंगे घासत होते. घरात संकट आले की ते नेहमी झाडाला शिंगे घासत.

सासू-सुना बुंदीला घेऊन उंबराखाली गेल्या. डॉक्टरांनी बुंदीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती हळूच जागेवर गेली.

"हिच्या अंगातलं पाणी कमी झालंय," डॉक्टर म्हणाले. "जुलाब थांबतील सावकाश. आधी गेलेलं पाणी भरून काढू."

त्यांनी ढोलीतून एक पुडी काढली.

"ही जलसंजीवनी. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात अख्खी पुडी घालायची. अर्धी नाही आणि दोनही नाहीत. मग चमच्याने पाजायचं. एक चमचा द्यायचा, जरा थांबायचं, मग पुढचा. जुलाब झाला की थोडं जास्त द्यायचं. उलटी झाली तर जरा वेळ थांबून पुन्हा सावकाश सुरू करायचं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, पेज चालू ठेवायची. आणि या झिंकच्या गोळ्या. रोज एक, पाकीट संपेपर्यंत. जुलाब थांबले तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत."

"आणि बिघडलं तर?" ठिपकीने हळूच विचारले.

"पिल्लू पिईनासं झालं, हाक मारून जागं होईना, शौचातून रक्त दिसलं, तर वाट बघायची नाही. उचलून इकडे आणायचं."

मग डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने बुंदीला चमच्याने पाणी पाजायला सुरुवात केली. बराच वेळ ते पाजत राहिले. दुपारी बुंदीने कान उभे केले. मग एक छोटीशी उडी मारली.

"बघितलंस?" राहीआत्या सुनेला म्हणाली. "हातगुण."

"अहो, पाणी आहे ते," डॉक्टर म्हणाले.

"हो, हो," राहीआत्या म्हणाली. लहान मुलाने चंद्र मागितला की आपण म्हणतो, तसे.

घरी आल्यावर ठिपकीने पाणी उकळले, गार केले आणि पुडी घातली. मग खुरात चमचा धरला. खुरात चमचा कसा धरतात, असे विचारू नका. बोधकथेत असे प्रश्न विचारले की गोष्ट पुढे जात नाही.

तिने एक चमचा दिला. जरा थांबून दुसरा दिला. तेवढ्यात बुंदीने शेपटी वर केली.

"झालं," राहीआत्या म्हणाली. "तिकडे डॉक्टरांच्या हातून प्यायली, तर उडी मारली. इकडे तुझ्या हातून प्यायली, तर हे."

"आत्याबाई, मला हात नाहीत."

"तेच म्हणतेय मी."

शेजारच्या झाडावर लांडोरकाकू राहत होती. ती खाली उतरली. कुणाच्या घरी आजारपण आले की लांडोरकाकूला झाडावर बसवत नसे.

"राहीवहिनी, पाणी जातंय म्हणता आणि वरून पाणीच ओतता? मग ते जाणारच की," ती म्हणाली. "मी सांगते ते करा. मोरपीस जाळा आणि त्याची राख चाटवा. पीस घरचंच आहे. ह्यांना कळायचं नाही, त्यांच्याकडे ढीगभर आहेत. आणि दूध बंद करा. पोटाला जरा सुट्टी मिळू दे."

राहीआत्याला हे पटले. पीस जाळले. त्याचा वास रानभर पसरला आणि मोर दिवसभर आपला पिसारा मोजत बसला. बुंदीच्या पोटाला सुट्टी मिळाली. दुधाला सुट्टी मिळाली. पुडीच्या पाण्यालाही मिळाली. सुट्टी मिळाली नाही ती फक्त जुलाबांना.

बुंदीने पुन्हा मान टाकली. पुन्हा तिला उंबराखाली नेले. पुन्हा डॉक्टरांनी चमच्याने पाणी पाजले आणि पुन्हा तिने कान उभे केले. घरी आणले, दोन चमचे दिले, शेपटी वर झाली आणि चमचा बाजूला ठेवला गेला. असे इतक्या वेळा झाले की घरापासून उंबरापर्यंत गवतात वाट पडली. प्रत्येक फेरीत बुंदी थोडी हलकी लागत होती. आता उचलताना तिच्या बरगड्या लागत.

"डॉक्टरांच्या दारात बरी, आपल्या दारात आजारी," राहीआत्या म्हणाली. "मी काही बोलत नाही."

आणि ती पायांकडे बघे.

ही तऱ्हा एकट्या बुंदीची नव्हती. डबक्याचे पाणी पुष्कळ पिल्ले प्यायली होती. उंबराखाली सशांची, रानडुकरांची, साळिंदरांची रांग लागे. पुड्या सगळ्यांच्या घरी होत्या. पाणी सगळ्यांच्या घरी होते. पण चमचा डॉक्टरांच्याच हातचा हवा होता. डॉक्टर सकाळपासून पाजत बसत. त्यांची बोटे सुजली. जे खरोखर गंभीर आजारी होते, ते रांगेच्या शेवटी खोळंबून राहत.

शेवटी एक दिवस डॉक्टर फांदीवर उभे राहिले.

"नीट ऐका," ते म्हणाले. "गुण माझ्या हातात नाही. गुण पाण्यात आहे. ते मी पाजलं काय आणि तुम्ही पाजलं काय, सारखंच. माझा हात म्हणजे नुसता हात आहे."

एका रानडुकरिणीने डोळे पुसले.

"एवढा मोठा डॉक्टर," ती म्हणाली, "पण गर्व म्हणून नाही."

आणि सगळ्यांनी आपापली पिल्ले आणखी पुढे सरकवली.

ठिपकी त्या रांगेत उभी होती. ती फारशी बोलत नसे. न बोलणाऱ्यांना बघायला पुष्कळ वेळ मिळतो. ती डॉक्टरांचा हात बघत होती. हातात वेगळे काहीच नव्हते. मग ती डॉक्टरांचे डोळे बघू लागली.

डॉक्टरांनी सशाच्या पिल्लाला चमचा दिला. पिल्लाला तिथेच जुलाब झाला. डॉक्टरांनी पुढचा चमचा दिला. साळिंदराच्या पिल्लाने उलटी केली. डॉक्टरांनी त्याचे तोंड पुसले, त्याच्या आईकडे तिच्या माहेरची चौकशी केली, आणि माहेर सांगून संपल्यावर पुन्हा चमचा पुढे केला.

घरी सगळे जण बुंदीच्या शेपटीकडे बघत. डॉक्टर तोंडाकडे बघत होते. फरक एवढाच होता.

ठिपकीला तो समजला. पण समजून काय उपयोग? घरी जाऊन हे सांगितले असते, तर राहीआत्याने पुन्हा तिचे पाय पाहिले असते. लांडोरकाकूने दुसरे पीस आणले असते. आणि बुंदीला आता आणखी हलके होणे परवडणार नव्हते. तिचे डोळे पुन्हा आत गेले होते.

ठिपकीचा नंबर आला. तिचा आवाज मुळातच लहान, तो आणखी लहान झाला.

"डॉक्टर, हातगुण उसना मिळतो का हो?"

रांगेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"काहीतरीच काय विचारतेस?" राहीआत्या म्हणाली. "हातगुण म्हणजे काय वाटीभर साखर आहे?"

"साखर नाही, आत्याबाई. विरजण. गवीणकाकूंकडून आणतो ना आपण? चमचाभर आणलं तरी पातेलंभर दही लागतं. आणि त्यांचं काही कमी होत नाही."

डॉक्टरांनी ठिपकीकडे पाहिले. ठिपकी जमिनीकडे बघत होती. पण तिचे दोन्ही कान डॉक्टरांकडे वळलेले होते.

डॉक्टरांनी आपली सुजलेली बोटे पाहिली. रांग पाहिली. मग बुंदी पाहिली. हातगुण नाही, असे त्यांनी सांगून पाहिले होते. त्याचा काही उपयोग झाला नव्हता. आता आहे, असे सांगून पाहायचे तेवढे राहिले होते.

खोटे बोलू नये, हे तुम्हाला शाळेत शिकवले असेलच. डॉक्टरांनाही शिकवले होते. म्हणून ते आधी जरा खाकरले.

"मिळतो," ते म्हणाले. "पण विरजणाचे नियम असतात."

"ते मला नका शिकवू," राहीआत्या लगेच पुढे आली. "आमच्या घरातलं दही आजपर्यंत कधी मोडलेलं नाही."

"मग तुम्हीच लक्ष ठेवा. भांडं स्वच्छ हवं. दर वेळी हात धुऊन घ्यायला हवा."

"हवाच."

"मध्ये खंड पडला की गुण गेला. आज लावलं आणि उद्या विसरलं, असं चालणार नाही."

"कसं चालेल?"

"जुलाब झाला तरी थांबायचं नाही."

"दही लागायच्या आधी सारखं झाकण काढून बघायचं नसतं," राहीआत्या म्हणाली. "आम्हाला माहीत आहे ते."

"दूध आणि पेज चालू ठेवायची."

"दुधाशिवाय विरजण लावतात का कुठे?"

डॉक्टरांनी एक क्षण ठिपकीकडे पाहिले. मग ते म्हणाले, "आणि पाकिटातली शेवटची गोळी संपली, की माझा हातगुण मला परत आणून द्यायचा. उसना आहे तो."

"चितळांच्या घरात उसनं राहत नाही," राहीआत्या म्हणाली.

डॉक्टरांनी ठिपकीचा पुढचा उजवा खूर दोन्ही हातांत धरला. जरा वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, "हा पाय आता हात समजायचा. आणि मघाशी सांगितलेलं विसरू नका. पिल्लू पिईना किंवा जागं होईना, तर विरजण-बिरजण तिथेच ठेवा आणि धावत इकडे या."

त्या दिवशी त्यांनी बुंदीला उंबराखालीच ठेवून घेतले. पण चमचा ठिपकीला धरायला लावला. राहीआत्या समोर बसून बघत होती. एक चमचा, जरा थांबणे, पुढचा चमचा. ऊन कलले तेव्हा बुंदीने कान उभे केले.

"लागला," राहीआत्या हळूच म्हणाली. "गुण लागला."

घरी येताना तिने ठिपकीला तो खूर जमिनीला टेकवू दिला नाही. "मातीत जाईल सगळा," ती म्हणाली. त्यामुळे ठिपकी तीन पायांवर लंगडत आली. बुंदीच्या वडिलांनी शिंगे घासायची थांबवली.

"लागलं का काही?" त्यांनी विचारले.

"हात झालाय," ठिपकी म्हणाली.

त्यांनी थोडा विचार केला आणि ते पुन्हा शिंगे घासू लागले.

आता घराचा रंगच बदलला. दर वेळी चमचा धरण्याआधी राहीआत्या सुनेचा खूर रिठ्याने धुऊन घेई. पाणी झाकले आहे की नाही ते बघे. ठिपकीला डुलकी लागली की शेपटीचा फटका मारून म्हणे, "अगं, खंड पडेल."

ठिपकीनेही एक छोटीशी गोष्ट केली. तिने बुंदीला झुडपाकडे शेपटी करून बसवले. आल्या-गेल्याला दिसे ते फक्त बुंदीचे तोंड. शेपटीकडचे काय ते ठिपकी स्वतः बघे आणि न बोलता थोडे जास्त पाणी देई.

एकदा बुंदीने उलटी केली. राहीआत्या घाबरली. "गेला गं गुण," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"आत्याबाई, दूध उतू गेलं तर आपण चूल मोडतो का? आच कमी करतो."

ठिपकीने बुंदीचे तोंड पुसले. मग सासूला विचारले, "तुमचं माहेर कुठल्या रानातलं हो?"

राहीआत्या माहेराबद्दल बोलू लागली. तिचे माहेर बरेच लांबचे होते. ते सांगून होईपर्यंत बुंदीचे पोट शांत झाले आणि ठिपकीने पुन्हा चमचा पुढे केला. या वेळी आणखी सावकाश.

लांडोरकाकू नवे पीस घेऊन आली. तिने झुडपामागे डोकावून पाहिले.

"अजून होतंयच की, राहीवहिनी."

"होऊ दे."

"अहो, पण नुसतं पाणी पाजून—"

"तू विरजण लावल्यावर दर घटकेला बोट घालून बघतेस का?"

"मला बोटं कुठे आहेत?"

"मग झालं तर. आलीच आहेस तर इकडे समोर बस आणि माश्या वार. एवढं मोठं पीस आणलंयस, ते जाळायचं कशाला?"

लांडोरकाकू बसली. मोरपिसाने माश्या छान जातात, हे त्या दिवशी तिला कळले. आणि मोराला त्याचे पीसही परत मिळाले.

दुसऱ्या दिवशी बुंदीने चांगली लघवी केली. राहीआत्याने अख्ख्या कळपाला बोलावून सांगितले. कुणाच्या लघवीचे एवढे कौतुक त्या जंगलात आधी कधी झाले नव्हते. मग बुंदी पेज मागू लागली. मग जुलाब कमी झाले. आणि एका सकाळी तिने कारण नसताना उडी मारली, लांडोरकाकूच्या अंगावरून.

सगळे मिटले, असे तुम्हाला वाटेल. ठिपकीलाही तसेच वाटले. गोळीची चव बुंदीला आवडत नव्हती. ती थुंकायची, पळायची, गवतात लपायची. बऱ्या झालेल्या पिल्लामागे गोळी घेऊन धावणे फार कंटाळवाणे असते. ठिपकी कितीतरी दिवस नीट झोपली नव्हती. तिने पाकीट फांदीच्या बेचक्यात सरकवून ठेवले.

"त्यात अजून गोळ्या आहेत," राहीआत्या म्हणाली.

"बरी झाली की ती आता."

"ते दिसतंय मला. पण डॉक्टरांना परत काय देणार? अर्धवट वापरलेला हातगुण? लोक काय म्हणतील?"

राहीआत्या हे वाक्य आयुष्यभर म्हणत आली होती. त्याने कुणाचे भले झाले ते या एकदाच. बुंदीच्या पोटात पाकिटातली शेवटची गोळीही गेली.

मग हातगुण परत करायचा दिवस आला. कुणाची वाटी परत करताना ती रिकामी द्यायची नसते, हे तुम्हाला माहीत आहे. पाकीट मात्र रिकामेच दाखवायचे होते. राहीआत्याला ते फार जड गेले. म्हणून तिने सोबत द्रोणभर जांभळे घेतली. ठिपकी पुन्हा तीन पायांवर लंगडत गेली.

डॉक्टरांनी रिकामे पाकीट पाहिले. बुंदीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती टपकन जागेवर गेली.

"राहू द्या की हातगुण तुमच्याकडेच," ते म्हणाले.

"नाही," राहीआत्या म्हणाली. "उसनं ते उसनं."

डॉक्टरांनी ठिपकीचा खूर हातात धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पोचला." ठिपकीने पाय जमिनीवर टेकवला. इतक्या दिवसांनी तिला बरे वाटले.

ही बातमी जंगलात पसरली. मग ससे आले, साळिंदर आले, रानडुकरे आली. सगळ्यांनी हातगुण उसना नेला आणि पाकीट रिकामे करून परत आणून दिला. उंबराखालची रांग ओसरली. डॉक्टरांच्या बोटांची सूज उतरली. जे खरोखर गंभीर आजारी होते, त्यांच्याजवळ बसायला त्यांना वेळ मिळू लागला.

"हल्ली डॉक्टरांकडे कुणी फिरकत नाही," जनावरे म्हणू लागली. "बिचाऱ्यांनी वाटून वाटून सगळा हातगुण संपवला."

अस्वलाने तर छत्री उघडून सरळ पावसात वापरायला सुरुवात केली.

हे ऐकून डॉक्टरांना थोडे वाईट वाटले नाही, असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्याकडे जांभळे होती.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठिपकीला दुसरे पिल्लू झाले. मोठीचे नाव बुंदी असल्यामुळे धाकट्याचे नाव शेव ठेवले. एक दिवस ठिपकी चरायला टेकडीपलीकडे गेली होती. खूप पाऊस पडला. ओढा भरून वाहू लागला आणि उंबर पलीकडे राहिला. ठिपकी भिजत घरी आली, तेव्हा लांडोरकाकू वाटेतच भेटली.

"अगं, शेवला जुलाब लागलेत. सकाळपासून."

ठिपकी धावत सुटली. ओढा ओलांडता येणार नव्हता. पुडी घरात होती. कोरड्या ढोलीत जपून ठेवलेली. पण आत्याबाई तिला हात लावू देतील का? हातगुण तर आत्याबाईंनी स्वतःच परत करून टाकला होता. आता पटवून काय सांगायचे, याचा विचार ठिपकी वाटभर करत होती. विरजण आता चालणार नव्हते. दुसरे काही सुचत नव्हते.

ती घरी पोचली. बाहेर पाणी झाकून ठेवले होते. जवळ रिठ्याचा फेस सांडला होता. शेव झुडपाकडे शेपटी करून बसला होता आणि जीभ बाहेर काढून पुढच्या चमच्याची वाट बघत होता. समोर राहीआत्या बसली होती.

लांडोरकाकू मागून धापा टाकत आली.

"राहीवहिनी, हे काय? हातगुण तर तुम्ही मागच्या वर्षीच परत केलात."

राहीआत्याने इकडेतिकडे पाहिले. मग आवाज खाली आणला.

"सगळा नाही केला," ती म्हणाली. "विरजण परत करताना थोडं मागे ठेवतेच की बाई. तू नाही ठेवत? ये, बस. माश्या वार."

ठिपकीने सासूच्या पायांकडे पाहिले. एकेक करून चारही पायांकडे पाहिले. तीन जमिनीवर होते. चौथ्यात चमचा होता.

तात्पर्य: उसनी आणलेली वस्तू कधीही पूर्ण परत करू नये. थोडी घरात ठेवावी. ज्याच्याकडून आणली त्याच्याकडे ती मुळात नव्हतीच, त्यामुळे त्याचे काही कमी होत नाही.